तक्रार मालकाच्या तोंडची

२ नोव्हेंबर, रविवार

आज चर्चला गेलो नाही. डाव्या तळहाताला चार टाके पडलेत, आणि तिथे प्रत्येकजण विचारणार काय झालं म्हणून. ही तीनशे पानी वही कोरी पडून होती, तिच्यात लिहायला बसलोय. मी यशया पाटोळे, भिंगारला लष्कराच्या डेपोत एकवीस वर्षं स्टोअरकीपर. माझ्या रजिस्टरात एक खाडाखोड कोणी काढून दाखवावी. घरात माझं कोणी ऐकून घेत नाही, म्हणून आता इथे लिहिणार.

झालं असं. काल फुटका टीव्ही आणि मोडका मिक्सर घेऊन कल्याणकडे गेलो. बाजारात त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे, दहा वर्षं आमच्या वस्तू तोच करतो. त्याने टीव्हीवरची चादर उचलून पाहिली, परत टाकली आणि म्हणाला, "पाटोळेसाहेब, तुमचं काम नको. वहिनी घेऊन आल्या तर करीन." दोन गिऱ्हाइकं उभी होती. विचारलं, का रे बाबा, माझ्या हाताला काय रोग झालाय? तर गप्प. मान खाली घालून दुसऱ्याचा रेडिओ उघडायला लागला. माणूस विचारतोय आणि तू गप्प बसतोस? काउंटरवर हात आपटला, काच फुटली, हात फाटला. मग गचांडी धरून त्याला दोन ठेवून दिल्या. त्याच्या शर्टावर सांडलेलं रक्त माझंच होतं, तरी बघे त्याच्याच बाजूने.

टीव्हीचंही लिहून ठेवतो. शुक्रवारी मी फोनवर बोलत होतो आणि आराधना आवाज कमी करेना. तांब्या फेकला. टीव्हीवर फेकला, पोरीवर नाही, एवढं तरी माझ्या बायकोला, लिडियाला कळायला हवं. मिक्सर सप्टेंबरातला. त्याचं सोडा.

टाके घालून येताना रिक्षातच ठरवलं. आता कोणा कल्याणच्या पाया पडायचं नाही. संध्याकाळचा कोर्स करायचा आणि घरातली एकूण एक वस्तू आपण नीट करायची. लिडियाला सांगितलं. ती म्हणाली, "दुरुस्तीचा?" म्हटलं, हो. "बरं," म्हणाली आणि आत गेली. पंधरा वर्षांत या बाईने माझ्या कुठल्या गोष्टीला शाब्बास म्हटलं असेल तर शपथ.

४ नोव्हेंबर

आराधनाला बसवून मोबाईलवर कोर्स शोधले. ती आठवीत आहे, तिला ते पटापट येतं. माझ्या अटी सांगितल्या: सहानंतरची बॅच, अगदी नवशिक्यापासून सुरुवात, इंग्रजीत परीक्षा नको, फळ्यापेक्षा हातात काम जास्त. तीन नावं निघाली. एक सावेडीतली संस्था, एक घरबसल्या व्हिडिओवरचा कोर्स, तिसरी एमआयडीसीकडची, पण तिथे नुसतं मोबाईलचं शिकवतात. ती कापून टाकली.

पोर माझ्या शेजारी बसली होती पण खुर्चीच्या अगदी कडेला. नीट बस म्हटलं तर म्हणाली, "इथे बरं आहे, पप्पा." हल्लीच्या मुलांना बसायचीही पद्धत नाही.

७ नोव्हेंबर

सावेडीला जाऊन आलो. संस्थाही यादीतून गेली.

काउंटरवरच्या मुलीचं नाव धनश्री, चांगली बोलत होती. फॉर्मवर एक रकाना होता, शिकण्याचा उद्देश. मी लिहिलं, घरगुती. तेवढ्यात शिकवणारा आला. असेल पंचविशीचा, कानात बाळी. म्हणाला, "काका, या वयात सर्किट डोक्यात शिरायला जड जातं. घरी कोणी मुलगा असेल तर त्याला पाठवा." मला मुलगा नाही. ते त्याला काय माहीत, पण बोलायचं कशाला? टेबल उचलून उलटं केलं. मॉनिटर, फॉर्म, चहाचे कप सगळं खाली. वॉचमनने मागून कमरेला मिठी मारली, त्याला कोपराने दिला, त्याचं नाक फुटलं. धनश्री भिंतीला चिकटून उभी होती. तिला म्हटलं, "तुझ्यावर राग नाही गं." 

९ नोव्हेंबर, रविवार

लिडियाच्या मनगटाला प्लास्टर घातलं. परवा सावेडीचं सांगत होतो तर मध्येच म्हणाली, "नका शिकू, राहू द्या. वस्तू नकोत मला." ज्या बाईसाठी मी उन्हातान्हात संस्था हिंडतोय ती म्हणते वस्तू नकोत. हात धरला तिचा, नुसता धरला, ती ओढायला लागली म्हणून पिळला गेला. डॉक्टरांना बाथरूममध्ये पडली म्हणून मीच सांगितलं, कारण तिला दुखण्याने बोलवत नव्हतं. डॉक्टर तिच्याकडेच बघत राहिले. मी बोलतोय तर माझ्याकडे बघावं की नाही?

नाताळच्या गाण्यांचा सराव सुरू झालाय. ती दरवर्षी पेटी वाजवते. यंदा नाही जमणार म्हणून निरोप पाठवला. घरी बरी.

१२ नोव्हेंबर

व्हिडिओचा कोर्स तीन दिवस पाहिला. समोरचा भराभरा बोलत जातो, आपण थांब म्हटलं तर थांबत नाही, शिवी दिली तर ऐकू जात नाही. असल्या मास्तराचा उपयोग काय? मोबाईल भिंतीवर मारला. आता आराधनाचा वापरावा लागणार.

डेपोतल्या बिभीषणने एक नाव दिलं. अजिनाथ सर. मूळचे तिसगावचे, फौजेत वायरलेस दुरुस्त करायचे, निवृत्त होऊन इथेच जुन्या बाजारात माडीवर राहतात. संध्याकाळी सहा ते आठ शिकवतात. सहाच विद्यार्थी घेतात, आणि आधी माणूस बघतात. म्हटलं, बघू दे.

१३ नोव्हेंबर

कोर्स ठरला.

अजिनाथ सर सत्तरीचे, बारीक अंगाचे. मी मिक्सर आणि टीव्ही टेबलावर ठेवला. त्यांनी मिक्सर हातात घेऊन फिरवला, बुडाशी बोट लावलं, टीव्हीच्या चिरेवरून नख फिरवलं. मग म्हणाले, "ह्ये बिगडलेलं न्हाई. ह्येला मारलंय."

म्हटलं, पडलं.

"पडल्यालं येगळं दिसतं. पडलं की एक कोपरा जातो. ह्ये फेकलंय, जोर लावून. मी चाळीस वर्सं बगतोय, मला नको सांगू."

माझी मूठ वळली होती. त्यांनी ती पाहिली, सावकाश बघितली, आणि तिच्यात स्क्रूड्रायव्हर दिला. "उघड," म्हणाले. "तुला घेतो. पर पहिला म्हैना नुस्तं उघडायचं आन् काय मोडलंय ते बघायचं. दुरुस्तीला हात लावायचा न्हाई." टीव्हीचं म्हणाले, काच गेली की संपलं, ती होत नाही, घरी घेऊन जा. दुसरा कोणी असं बोलला असता तर माडीवरून खाली फेकून दिला असता. का दिला नाही ते अजून कळत नाही.

१७ नोव्हेंबर

माझा हात बसतोय. सर म्हणतात, नवशिक्यात एवढी सफाई त्यांनी कमी पाहिली. मल्टिमीटर लावून कुठली वायर तुटली ते सांगायला लागलो. सोल्डरिंगचा सरावही सुरू केलाय, सरांनी टाकाऊ सर्किटच्या पट्ट्या दिल्यात, घरी जेवणाच्या टेबलावर बसून करतो. धूर होतो, पण लिडियाची कुरकुर नाही. सुधारतेय ती.

घर आवरायलाही घेतलंय तिने. जुने कपडे दानाला काढले, कपाट अर्धं रिकामं झालंय, बघायला बरं वाटतं. तिचा भाऊ जोशुआ नेवाशाहून आला होता, तो आराधनाची सायकल दुरुस्तीला म्हणून पिकअपमध्ये टाकून घेऊन गेला. नगरात काय सायकलवाले मेलेत? पण मेहुण्याला कोण समजावणार. जेवायलाही थांबला नाही.

२२ नोव्हेंबर

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

आज सरांनी महिना भरायच्या आतच मिक्सर दुरुस्तीला परवानगी दिली, पण आधी तक्रार कार्ड भरायला लावलं. त्यांच्याकडे हा नियमच आहे. वस्तू कोणती, काय झालं, कसं झालं, कधी झालं. मी झोकात लिहिलं: मिक्सर, पडला. त्यांनी वाचून परत केलं. "तक्रार मालकाच्या तोंडची लागती. दुरुस्तीवाल्यानं आपल्या मनची लिव्हायची न्हाई. मिक्सर कुनाचा हाय?"

म्हटलं, बायकोचा.

"मंग तिला इचार. ती सांगंल तसं लिव्ह. मदी बोलायचं न्हाई. बोललास तर कार्ड बाद."

२३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी जेवणं झाल्यावर लिडियाला टेबलाशी बसवलं, कार्ड काढलं आणि सांगितलं की कोर्सचा नियम आहे, तू सांग, मी लिहितो, मध्ये बोलणार नाही. ती म्हणाली, "मध्ये बोलणार नाही?" म्हटलं, बोललो तर कार्ड बाद होतं. मग तिने सुरुवात केली. जसंच्या तसं उतरवतो.

"तेरा सप्टेंबर, शनिवार. मी चटणी वाटत होते. यांनी बंद कर म्हणून सांगितलं. मी म्हटलं, दोन मिनिटं. यांनी मिक्सर भांड्यासकट उचलून माझ्यावर फेकला. मी वाकले म्हणून भिंतीला लागला. वायर तुटून यांच्या हातात राहिली होती. त्या वायरने मला मारलं. पाठीवर."

नियम मोडून एकच विचारलं, किती वेळा, कारण आकडा नसला की नोंद अर्धवट राहते. "तीनदा," म्हणाली. लिहिलं.

मग म्हणाली, टीव्हीचंही लिहा. लिहिलं. मग इस्त्रीचं, ती मागच्या नाताळातली. मग मोबाईल, मग तिचा चष्मा, मग मनगट. मी म्हणालो, मनगट वस्तू नाही. ती म्हणाली, "मालक मीच आहे ना?" तेही खरं. पाठीची वेगळी धरून एकूण सात बाबी झाल्या. कार्ड पुरेना म्हणून पुरवणी जोडली, खाली तारीख घातली, नाव लिहिलं, सही ठोकली. सहीशिवाय कागद मी जन्मात सोडलेला नाही. तिने एक झेरॉक्स मागितली, आराधना धावत जाऊन काढून आली.

सबंध दुपार कोणाचा आवाज चढला नाही. अशी दुपार आमच्या घरात फार दिवसांनी झाली. सर म्हणतात ते बरोबर, नियमाने काम केलं की होतं.

२५ नोव्हेंबर

काल डेपोतून आलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, अकरालाच गेल्या, भाऊ पिकअप घेऊन आला होता. दोघीही.

कुलूप माझ्याकडच्या किल्लीने उघडलं असतं. लाथा घालून दार मोडलं. ताटं, खुर्च्या, खिडकीच्या काचा, हाताला येईल ते फोडलं. मिक्सर सरांकडे होता म्हणून वाचला. मग मोटरसायकल काढून सरळ नेवासा. जोशुआ फाटकातच उभा होता. म्हणाला, "दाजी, इथून मागं फिरा. ताईला तुमच्याशी बोलायचं नाय." मी त्याला धरून फाटकावर आपटला. तोही काय कमी नाही, उसाचं टिपरू उचलून माझ्या खांद्यावर, बरगडीवर, मिळेल तिथे घातलं त्याने. मी खाली पडलो तरी त्याचा पाय धरून चावा घेतला. रक्ताची चव लागेपर्यंत सोडला नाही. शेवटी चार जणांनी ओढून बाजूला केलं.

घराच्या खिडकीत आराधना दिसली. तिने खिडकी लावून घेतली.

आज डेपोत कागद आला. नगरच्या महिला समुपदेशन केंद्रात हजर राहायचं. सोबत अर्जाची प्रत आणि जोडपत्र. जोडपत्र म्हणजे माझंच कार्ड. माझ्या अक्षरात, माझ्या सहीचं. माझी फसवणूक झाली आहे. बायकोने मला माझ्या हाताने लिहायला लावलं.

३ डिसेंबर

आठवडाभर वर्गाला गेलो नव्हतो. बरगडी दुखते, आणि कोणाला तोंड दाखवू नये असं वाटत होतं. आज गेलो. मूळ कार्ड सरांपुढे टाकलं आणि म्हटलं, घ्या, तुमच्या नियमाने माझं घर मोडलं.

त्यांनी पुरवणीसकट सगळं वाचलं. घाई केली नाही. मग चष्मा काढून म्हणाले, "ह्यातला मिक्सर तेवढा व्हतो."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं माझ्या कोर्सात न्हाई."

मी तिथे बसून राहिलो. आणि मला रडू आलं, हे लिहितोच आता. बाकीचे पाच जण आपापल्या पट्ट्यांवर वाकून बसले, कोणी पाहिलं नाही असं दाखवलं. सरांनी मिक्सर पुढे सरकवला. नवी वायर जोडली, मोटरचे झिजलेले ब्रश बदलले, बुडाचा वाकलेला आस सरळ केला. दोन तास लागले. झाकण लावायला घेतलं तर त्यांनी हात धरला. "थांब. आत काय राह्यलंय?" स्विच अधूनमधून अडकत होता, मला माहीत होतं, चालून जाईल म्हणून सोडला होता. "म्हाईत असल्याला दोस आत ठिवून झाकान लावायचं न्हाई. तू पैसं घ्यून मोकळा हुतोस, आन् ती बाई इस्वासानं बटन दाबती."

स्विच बदलला. मिक्सर चालू झाला. घरी आणून ठेवलाय. फुटक्या काचांतून वारा येतोय, त्याला पुठ्ठे लावलेत.

कार्ड पुन्हा वाचलं. सात बाबींत एकही खोटी नाही. मी शोधली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज केंद्रात तारीख होती. टेबलाच्या त्या बाजूला समुपदेशक सुरेखाताई, इकडे मी, पलीकडे लिडिया, आणि भिंतीकडच्या बाकावर आराधना. प्लास्टर निघालंय. मनगट बारीक दिसतं.

लिडिया म्हणाली, "ताई, मला केस करायची नाही. फक्त समज द्या यांना. कोर्सला जातात, मिक्सर नीट केला म्हणून कळलं. पुन्हा हात उचलणार नाही असं लिहून देत असतील तर आम्ही सोमवारी घरी येतो. नाताळ घरी करू." हे सगळं तिने टेबलाकडे बघत सांगितलं. उठून नाचावंसं वाटलं. देवाचे आभार मानले.

सुरेखाताईंनी लेखी हमी तयार केली आणि कार्डातल्या बाबी एकेक वाचल्या. प्रत्येकीला मी मान्य म्हणालो. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकणं वेगळंच असतं. वायर. तीनदा. पाठीवर.

मागून आराधना म्हणाली, "मम्मी, सोमवारीच?"

"हो."

"परीक्षा झाल्यावर नाही का?"

"सोमवारी, आरू."

पोरीने स्वेटरची बाही ओढून मुठीत धरली. मी पाहिलं. तिथे ते पाहणारा मी एकटाच होतो, कारण बाहीखाली काय आहे ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

सुरेखाताईंनी पेन दिलं. "सात बाबी मान्य. आणखी काही सांगायचंय?" त्या सगळ्यांनाच हे विचारत असतील. नाही म्हणायचं आणि सही करायची. सोमवारी दोघी घरी.

मी म्हणालो, "सात नाही. आठ आहेत."

लिडियाने वर पाहिलं.

सांगितलं. एकोणीस नोव्हेंबर, बुधवार, संध्याकाळी साडेपाच. लिडिया शाळेत पालकसभेला होती, ती तिथे शिक्षिका आहे. मी जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग करत होतो. आराधनाला विचारलं, कपाट रिकामं का दिसतंय. ती म्हणाली, मम्मीला विचारा. मी उठलो. हातात सोल्डरिंग आयर्न होतं, तापलेलं. तेच फिरवलं. तिच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली. एकदा फिरवलं, आणि मग ती ओरडली म्हणून तोंड दाबलं आणि पुन्हा टेकवलं. तव्यावर भाजलं असं सांग म्हणून मीच पढवलं तिला. तिने तसंच सांगितलं. या वहीतही मी तो दिवस लिहिला नव्हता.

लिडिया उठून बाकाशी गेली आणि पोरीची बाही वर केली. दोन वळ आहेत, एक अजून ओला आहे. लिडिया तिच्यापुढे खालीच बसली.

"तू मला सांगितलं नाहीस."

"मग तू त्यांना काहीतरी बोलली असतीस," आराधना म्हणाली. "आणि तुला मारलं असतं."

लिडिया टेबलाकडे आली आणि तिने हमीचा कागद उचलून सुरेखाताईंकडे परत सरकवला. "आम्ही येत नाही. सोमवारी नाही आणि कधीच नाही. मुलीचं मला पोलिसात द्यायचंय." माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

आराधनाने श्वास सोडला. मोठा, आवाज होईल असा, आणि मग बाकाला पाठ टेकून ती नीट मागे सरकून बसली.

सुरेखाताईंनी मला विचारलं, ठाण्यात हे सगळं असंच सांगाल का. म्हटलं, सांगतो. चौघं एकाच जिन्याने उतरलो, त्या तिघी पुढे, मी मागे.